'कारवाई करण्यात आली' : पण कोणी, कोणावर आणि कशासाठी?

२१ जानेवारी २०२४ च्या रात्री, अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या पूर्वसंध्येला, मीरा रोडच्या नया नगर भागात भगवे झेंडे लावून निघालेल्या वाहनांवर हल्ला झाला. तो निंद्यच होता. हल्लेखोरांना पकडून न्यायालयासमोर उभे करणे हे शासनाचे कर्तव्य होते, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ जानेवारीस, महानगरपालिकेचे बुलडोझर त्याच नया नगरात शिरले आणि पंधराच्या आसपास बांधकामे भुईसपाट झाली. आपल्याला नोटीस मिळाली नव्हती, दंगलीशी आपला संबंध नव्हता, असे तेथील दुकानदारांनी पत्रकारांना सांगितले.

अशा घटनेचे वर्णन करणारे सरकारी मराठी वाक्य ठरलेले असते : अनधिकृत बांधकामांवर कारवाई करण्यात आली. भाषा शिकविणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी या वाक्यापाशी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. यात कर्ता नाही. आदेश कोणी दिला, कोणाची बाजू ऐकली, कोणत्या अपराधाची ही शिक्षा, यांपैकी एकाही प्रश्नाला हे वाक्य उत्तर देत नाही. शिक्षा झाली हे सर्वांस कळावे, पण शिक्षा केली असे कोणास म्हणता येऊ नये, यासाठीच जणू ते घडविले आहे.

बांधकामे खरोखरच अनधिकृत असतील, असे क्षणभर मानू. मग ती २० जानेवारीस अनधिकृत नव्हती काय? मीरा-भाईंदरमध्ये अनधिकृत बांधकामे एका गल्लीपुरतीच आहेत, असे या शहरात राहणारा कोणीही मान्य करणार नाही. मग नेमकी तीच गल्ली आणि नेमका तोच दिवस का निवडला गेला? या प्रश्नाला नगररचनेच्या नियमांत उत्तर नाही. ते सूडात आहे.

भारताने १० एप्रिल १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांचे दोन आंतरराष्ट्रीय करार स्वीकारले : एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. पहिल्याच्या चौदाव्या कलमानुसार अपराध सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष असतो; सव्विसाव्यानुसार कायद्यापुढे सर्व समान असतात. दुसऱ्या कराराच्या समितीने १९९७ मध्ये स्पष्ट केले की शिक्षा म्हणून घरे पाडणे त्या कराराशी विसंगत आहे. नया नगरात पडली ती दुकाने होती, घरे नव्हेत, असा बचाव कोणी करील. त्याला उत्तर मुंबईच्याच पदपथांवरून आलेले आहे. ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

पुढे १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांच्या खंडपीठाने बुलडोझरच्या या न्यायास लगाम घातला. पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, आणि आदेश मोडल्यास अधिकाऱ्यांची वैयक्तिक जबाबदारी, असे ते निर्देश आहेत. रस्ता वा पदपथ अडविणारी बांधकामे त्यांतून वगळली आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु तशीच इतर बांधकामे उभी ठेवून एकच बांधकाम अचानक पाडले जाते तेव्हा हेतू शिक्षेचा असावा असे मानता येते, हेही त्याच न्यायालयाने म्हटले आहे. नया नगरातील दुकानदारांना हा निवाडा सुमारे दहा महिने उशिरा मिळाला.

आंतरराष्ट्रीय करारांचे नाव काढले की सार्वभौमत्वाची ढाल पुढे येते : हा आमचा अंतर्गत प्रश्न, परक्यांनी शिकवू नये. ही ढाल पोकळ आहे. ते करार कोणी आपल्यावर लादले नाहीत. सार्वभौम राष्ट्र म्हणूनच आपण ते स्वीकारले. करारांविषयी आदर वाढवावा, असे आपल्या संविधानाचे एक्कावन्नावे कलम राज्यसंस्थेला सांगते. आणि 'परके' म्हणजे तरी कोण? १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी 'सर्व मानव' असे शब्द यावेत, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांचा होता. मुंबईत महिला विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या या विदुषीने जगाच्या दस्तऐवजातील एक शब्द बदलून घेतला. त्या 'सर्व मानवां'त नया नगरचा दुकानदार येतो की नाही, एवढेच आम्ही विचारीत आहोत.

आमची मागणी साधी आहे. महानगरपालिकेने त्या दिवशीच्या प्रत्येक बांधकामाची नोटीस, तिची तारीख आणि आदेशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद जाहीर करावे. जेथे नोटीस देणे आवश्यक असूनही दिली गेली नव्हती, तेथे भरपाई द्यावी. आणि वाङ्मयाच्या अध्यापकांनी, वर्गात प्रयोग शिकविताना, वर्तमानपत्रातील असे एखादे वाक्य फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना विचारावे : यातला कर्ता कोठे गेला? ज्या समाजाला हा प्रश्न विचारता येत नाही, त्याच्या नावाने केलेल्या सह्यांना कागदापलीकडे किंमत उरत नाही.