पैसा सातवर, घाम बारावर

शारजाच्या सरकारने 2022 साली मलीहाच्या वाळवंटात 400 हेक्टरांवर गहू पेरला. तो पाहून आलेल्या आपल्या मंडळींच्या गप्पा साहजिकच गावाकडच्या शेतीवर येतात. मग एक वाक्य हमखास ऐकू येते : "तिकडे सरकार शेतकऱ्यांना फुकट पैसे वाटते, म्हणून कोणी काम करत नाही." मला या वाक्याचा राग येतो. पैसे वाटले जातात हे खरे. पण ते शेती करणाऱ्यालाच मिळतात, हे कोणी सांगितले?

2019 साली केंद्राची पीएम किसान योजना आली. वर्षाला 6,000 रुपये, तीन हप्त्यांत. 2023 मध्ये महाराष्ट्राने 'नमो शेतकरी महासन्मान निधी'तून तेवढ्याच रकमेची भर घातली. पात्रता मात्र ठरते जमिनीच्या मालकीवर. स्वतःची जमीन नसलेल्या बटईदाराला यातला एक पैसाही नाही. उलट जानेवारी 2021 मध्ये माहिती अधिकारातून उघड झाले की, 20 लाखांहून अधिक अपात्र लोकांना 1,364 कोटी रुपये गेले होते. त्यांतले निम्म्याहून अधिक आयकर भरणारे!

मी पडलो संगणकवाला. आमच्या धंद्यात डेटाबेसची 'की' चुकली, की पुढचे सगळे रिपोर्ट चुकतात. इथे तेच झाले आहे. सात-बारा म्हणजे खरे तर दोन नमुने. सातवर मालकाची नोंद, बारावर पिकाची. सरकार पैसे देते सात पाहून, आणि घाम गळतो बारावर.

आता आपल्याच घरात डोकावू. गावच्या सात-बारावर माझेही नाव आहे. अनिवासी म्हणून मी पीएम किसानला अपात्र, आणि ते योग्यच आहे. पण जो आमचे रान वाट्याने करतो, त्याचे काय? अतिवृष्टीत पीक जाते त्याचे, मदत निघते खातेदाराच्या नावावर. पीक विम्यात बटईदाराला जागा आहे, पण कागद दाखवावा लागतो. तो कागद द्यायला मालक तयार नसतात. त्यांत परदेशात राहणारेही आले. कारण एकच : "कूळ लागेल!" 1948 च्या कूळ कायद्याची ही धास्ती आजोबांपासून चालत आली आहे.

ती अगदीच खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण त्यावर तोड निघू शकते. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये कायदा करून 11 महिन्यांच्या लेखी कराराची सोय केली. मालकी हक्काला धक्का नाही, आणि कर्ज, विमा, नुकसानभरपाई कसणाऱ्याला. तरीही मालकाची सही लागते म्हणून तिथले बरेच जण वंचितच राहिले. म्हणजे घोडे कुठे अडते, ते पाहा! आपल्याकडे 2021 पासून ई-पीक पाहणी आहे. शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचा फोटो नोंदवता येतो. त्याच नोंदीत कसणाऱ्याचे नाव घालायला कोणते मोठे तंत्रज्ञान लागते? लागते ती इच्छा, सरकारची आणि आपलीही.

तेव्हा "शेतकऱ्यांना फुकट मिळते" हे म्हणणे सोडा. उन्हाळ्यात गावी जाल, तेव्हा आपल्या आमदाराला भेटा आणि असा कायदा महाराष्ट्रात मागा. तो झाला, तर पहिली सही आपण मालकांनी करू. जमीन आपलीच राहू दे, पण मदत कसणाऱ्याच्या हातात पडू दे!