वाकायामाचा स्नेह आणि आमचा बागाईतदार

महाराष्ट्र सरकार आणि जपानांतील वाकायामा प्रांताचें सरकार यांच्यामध्यें सन २०१३ सालीं परस्पर-सहकार्याचा करार झाला, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. पर्यटन व खाद्यपदार्थांवरील प्रक्रिया हे त्या कराराचे मुख्य विषय होत. पुढें सन २०१५ सालीं त्या प्रांतांतील कोयासान विद्यापीठांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा उभा राहिला व त्याचें अनावरण मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांच्या हस्तें झालें. या स्नेहाचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु जमीन कसून पोट भरणाऱ्या वर्गानें अशा प्रत्येक स्नेहास एक प्रश्न विचारिला पाहिजे. तो हा कीं, या मैत्रीपासून आमच्या बांधापर्यंत काय येणार?

करार झाला म्हणजे आपला माल तिकडे खपेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. परदेशांशीं तह, परदेशी व्यापार आणि आयात-निर्यात हे विषय आपल्या राज्यघटनेनें केंद्र सरकारकडे ठेविले आहेत. फळमाशीच्या भयानें जपाननें आमच्या आंब्यास वीस वर्षें बंदी केली होती. ती सन २००६ सालीं उठली, ती दोन्ही देशांच्या मध्यवर्ती सरकारांच्या वाटाघाटीनें. आणि फळास उष्ण बाष्पाची प्रक्रिया दिल्याखेरीज तें पाठवूं नये, या अटीवर. नागपुरी संत्र्याचें मोठें गिऱ्हाईक जो बांगलादेश, त्यानें गेल्या कांहीं वर्षांत आयात-कर वाढवीत नेला, तेव्हां वऱ्हाडांतील बागाईतदारांस त्याचा फटका बसला. पण तो कर उतरविणें मुंबईच्या सरकारच्या हातीं नव्हतें. शिवाय वाकायामा हा स्वतःच फळबागांचा मुलूख आहे. संत्र्याच्या जातीचें जें 'मिकान' फळ, त्याच्या उत्पन्नांत तो जपानांत अग्रेसर आहे. ज्याच्या घरीं संत्र्यांची रास पडली आहे, तो आमचीं संत्रीं कशास घेईल?

तर मग ही मैत्री निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. जो गिऱ्हाईक होऊं शकत नाहीं, तो गुरु होऊं शकतो. वाकायामाचा बहुतेक भाग डोंगराळ व रानांनीं व्यापलेला. जमिनीचे तुकडे लहान व उताराचे. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बागाईतदारास हें वर्णन आपल्याच गांवचें वाटेल. जपानांत पिकणाऱ्या 'उमे' नांवाच्या आंबट फळापैकीं निम्म्याहून अधिक फळ याच प्रांतांत होतें. मिनाबे व तानाबे या भागांत डोंगरमाथ्यावरील झाडी लोकांनीं राखली आहे. तिच्यापासून कोळसा मिळतो, माती व पाणी धरून राहतें, आणि तिच्यांतील मधमाशा उमेच्या मोहोरावर येऊन फळ धरवितात. या पद्धतीस सन २०१५ सालीं राष्ट्रसंघाच्या अन्न व शेतकी संघटनेनें जागतिक महत्त्वाचा शेतकी वारसा म्हणून मान्यता दिली.

या फळाची जी उत्तम जात, तिचा इतिहास विशेष मनन करण्यासारखा आहे. सन १९५० पासून पांच वर्षें मिनाबे येथील हायस्कुलाच्या शिक्षकानें व विद्यार्थ्यांनीं शेतकऱ्यांच्या बागांतील झाडें पारखलीं, आणि सरस ठरलेल्या झाडाची जात सर्वत्र लाविली. सन १९६५ सालीं तिची नोंद झाली व त्या शाळेच्या नांवावरून तिला 'नान्को' हें नांव पडलें. आमच्याकडेहि एकेका वाडींत उत्तम हापूसचें झाड असतें. पण तें मालकाच्या मरणानंतर कोणास ठाऊकहि राहत नाहीं.

दुसरा धडा विक्रीचा. कच्चें उमे खाण्याजोगें नसतें. तें मिठांत मुरवून, उन्हांत वाळवून वर्षानुवर्षें टिकवितात व सावकाश विकतात. आमचा हापूस मात्र दोन महिन्यांत बाजारांत कोसळतो. उरलेला आंबा कॅनिंगला जातो. तेथें भाव कारखानदार ठरवितो आणि बागाईतदार पट्टी हातांत घेऊन घरीं येतो. करारांत ज्या 'प्रक्रिये'चा उल्लेख आहे, ती बागाईतदारांच्या मालकीची झाली नाहीं, तर तिचा लाभ आम्हांस कितीसा होणार?

मैत्री एकतर्फी टिकत नाहीं, हेंहि खरें. जपानांतील शेतकरी वृद्ध होत चालला आहे. बागेंत काम करणारे हात त्यास हवे आहेत. भारत व जपान यांच्यामध्यें सन २०२१ सालीं कुशल कामगारांविषयीं जो करार झाला, त्यांत शेतीचाहि समावेश आहे. आमचा तरुण तेथें दोन-चार हंगाम राबून, छाटणी, प्रतवारी व सहकारी विक्री शिकून परतला, तर दोन्ही पक्षांचें कल्याण होईल.

म्हणून आमचें सरकारास सांगणें असें कीं, शेती हा विषय राज्याच्याच अधिकारांत आहे. तेव्हां या स्नेहांत काय साधलें त्याचा हिशेब दरवर्षीं प्रसिद्ध करावा, आणि अधिकाऱ्यांच्या मंडळांबरोबर प्रत्यक्ष बागाईतदार व शेतकी शाळांचे विद्यार्थीहि पाठवावे. वाचकांस मात्र आमची विनंति निराळी आहे. चांगल्या झाडाची पारख करून त्याचीं कलमें शेजाऱ्यांस द्यावयास कोणत्याहि कराराची गरज नाहीं. तें काम येत्या हंगामापासून प्रत्येक गांवीं सुरू व्हावें.