हाडाआधी थर पाहा

पाचगणीच्या टेबललँडवरचा जांभा हातात घेतला की त्यावरची भोके पाहून एखाद्याला ते जुने हाड वाटू शकते. तिथे डायनोसॉरचे हाड मिळणार नाही, हे मात्र भिंग न लावताही सांगता येते. हा जांभा बेसॉल्ट झिजून बनला आणि बेसॉल्ट म्हणजे थंड झालेला लाव्हा. हाडे टिकतात ती नदी-तळ्यांच्या गाळात. विदर्भात लाव्ह्याखाली लॅमेटा नावाच्या थराचा तसा गाळ आहे, म्हणून डायनोसॉर चंद्रपूर जिल्ह्यात सापडतात. तुकडा कुणाचा हे ठरवण्याआधी तो कुठल्या थरातला हे ठरले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. भिंग त्यानंतर. हाडाला बाहेरून घट्ट कवच आणि आत बारीक जाळी असते. लाव्ह्यातली भोके वायूच्या बुडबुड्यांची, गोलसर, पुष्कळदा पांढऱ्या खनिजाने भरलेली. जिभेला चिकटले तर हाड, ही परीक्षा सर्रास सांगितली जाते, पण चिकणमातीचा दगडही चिकटतो.

हाड आहे हे ठरले तरी नावाची घाई नको. जबलपूरच्या अवशेषांतील शेपटीच्या मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. त्या मणक्यांची वैशिष्ट्ये पुढे अनेक प्राण्यांत आढळली आणि २००३ मध्ये हे नाव संदिग्ध ठरवले गेले. उलट चंद्रपूरच्या डोंगरगावात एकाच प्राण्याची बरीच हाडे मिळाली, म्हणून तो डायनोसॉर, आयसीसॉरस, आज स्वतंत्र नावाने उभा आहे. सुट्या तुकड्याला ‘सॉरोपॉड (लांब मानेचा शाकाहारी डायनोसॉर), जात अनिश्चित’ एवढेच म्हणणे ही हार नव्हे, तेच शास्त्र आहे.

थर कळायचा तर हाड सापडल्या जागीच राहिले पाहिजे. यावर कुणी म्हणेल, उचलले नाही तर नांगर किंवा पाऊस ते नष्ट करील. आक्षेप खरा आहे. पण आधी जागेवर मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा, ठिकाण नोंदवावे, चिकटलेली माती तशीच ठेवावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे. तुकडा क्षुल्लक म्हणून हे टाळू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच पिसदुऱ्यात मिळालेल्या अश्मीभूत विष्ठेच्या गोळ्यांत २००५ मध्ये गवताचे सूक्ष्म सिलिका कण दिसले आणि डायनोसॉरच्या काळातही गवत होते हे जगाला कळले. गवताचा काळ ठरवता आला, कारण ते गोळे कुठल्या थरातले हे माहीत होते.