मंगळवार मोकळा असेल, तर उपचार फुकट आहेत

पेपरच्या तालुका पानावर 'नैराश्य' हा शब्द एकाच जागी भेटतो. पोलिसांच्या प्रेसनोटमधून आलेल्या चार ओळींत. 'नैराश्यातून तरुणाची आत्महत्या, अकस्मात मृत्यूची नोंद.' म्हणजे माणूस गेल्यावर. त्याआधी वर्षभर त्याच पोराला घरच्यांनी आळशी म्हटलेलं असतं, मित्रांनी 'लई भाव खातो आजकाल' म्हटलेलं असतं, आणि कुणीतरी लग्न लावून द्या म्हणजे लायनीवर येईल असा सल्लाही दिलेला असतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. सगळ्यांचं कारण नैराश्य नसतं. कर्ज असतं, छळ असतो, घरातली भांडणं असतात. आणि नैराश्य आलेली बहुतेक माणसं मरतही नाहीत. ती जगतात, नुसती जगतात. त्यांची बातमी होत नाही. ही पोस्ट त्यांच्याबद्दल आहे.

गेल्या काही महिन्यांत तीन पोरांनी वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला. चहाच्या टपरीवर, बाकीचे उठून गेल्यावर, हळू आवाजात. "सर, मनाचा एखादा डॉक्टर आहे का हो, परवडेल असा?"

त्यातल्या एकाचं सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय २४. बी.कॉम. झालाय. सकाळी अभ्यासिका, दुपारी दोन ते रात्री नऊ मोबाइलच्या दुकानात काम. पगार आठ हजार. दोनदा पूर्व परीक्षा पास, मुख्य परीक्षेत गेला. आता पुस्तक उघडतो आणि एकच पान दीड तास समोर असतं. पहाटे तीनला जाग येते ती येते. जेवण जात नाही. क्रिकेट सोडलं, मित्रांचे फोन उचलत नाही. सात महिने झाले. आईला वाटतं कुणाची तरी नजर लागली. वडील काही बोलत नाहीत, नुसते बघतात. तो म्हणाला तेच जास्त टोचतं.

आता त्याचा हिशेब मांडू. जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत. पहिल्या वेळची फी पाचशे-आठशे, गोळ्या वेगळ्या. पुण्यात समुपदेशकाच्या एका तासाचे हजार ते दोन हजार. ऑनलाइन घेतलं तरी फार खाली येत नाही. आणि हे काम एका तासात संपत नाही, आठवड्याला एक असं दोन-तीन महिने तरी चालतं. महिन्याचे चार हजार धरा. त्याचा अर्धा पगार. अभ्यासिकेचे सातशे, मेसचे अडीच हजार, आणि घरी द्यायचे ते वेगळे. म्हणजे बरं व्हायचं असेल तर आधी उपाशी राहायचं.

मग कुणी म्हणेल, सरकारी दवाखाना आहे ना. आहे. आणि हे खरंच सांगायला पाहिजे, कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हा केंद्राचा कार्यक्रम १९९६ पासूनचा आहे. त्यात मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका असं पथक धरलेलं आहे. त्या पथकाने तालुक्याला येऊन रुग्ण तपासायचे हेही त्यात आहे.

आमच्या तालुक्याला पथकाचा दिवस आहे महिन्यातला एक मंगळवार. गाडी असली तर, डॉक्टर रजेवर नसले तर. त्या मंगळवारी दहाला रांग लागते आणि दीडला पथक परत निघतं. बसायला जागा कुठे, तर बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात, इंजेक्शनच्या खोलीसमोर. दारावर 'मानसिक आजार तपासणी' असा कागद चिकटवलेला. समोरून अर्धा तालुका ये-जा करतो. आमच्यासारख्या गावात चोवीस वर्षांचं पोरगं त्या कागदाखाली बसलं, तर संध्याकाळी दुकानातलं गिऱ्हाईक विचारतं, "काय रे, काही झालं का?" त्यापेक्षा गुप्तरोगाच्या डॉक्टरकडे जाताना माणसाला कमी लाज वाटत असेल.

नाहीतर जिल्ह्याला जायचं. एसटीने दोन तास जायला, दोन तास यायला. मुलींना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ते एक बरं झालं, मुलांना पूर्ण. त्या दिवसाचा पगार कापला जातो. दुकानदाराला काय सांगायचं? 'मावशी आजारी' किती वेळा सांगणार? दोन मावश्या आहेत त्याला, दोघींची आजारपणं आटोपली. आणि तिथे पोचल्यावर डॉक्टरसमोर वेळ मिळतो पाच ते सात मिनिटं. यात डॉक्टरांना शिव्या देण्यात अर्थ नाही. बाहेर साठ माणसं बसलेली असतात आणि त्यात स्किझोफ्रेनियाचे, फिट्सचे, दारू सोडवायला आणलेले सगळे असतात. देशात लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ पुरा येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यातही बहुतेक मानसिक आजारांत सत्तर टक्क्यांहून जास्त रुग्ण उपचाराबाहेर आढळले.

म्हणजे औषध फुकट आहे, फक्त पोराकडे मोकळा मंगळवार पाहिजे, एक दिवसाचा पगार सोडायची ऐपत पाहिजे आणि व्हरांड्यात बसायची छाती पाहिजे. या तिन्ही गोष्टी नैराश्याच्या पेशंटकडे मागणं म्हणजे पाय मोडलेल्याला 'तिसऱ्या मजल्यावर प्लास्टर फुकट आहे, या चढून' म्हणणं आहे.

कायदा काय म्हणतो ते वाचण्यासारखं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. अंमल २९ मे २०१८ पासून. त्याच्या कलम १८ प्रमाणे सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि ते परवडणाऱ्या खर्चात, चांगल्या दर्जाचे, पुरेसे आणि पोचता येतील अशा ठिकाणी असावेत असं त्यात लिहिलंय. दारिद्र्यरेषेखालच्यांना मोफत. आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर मोफत. कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. व्हरांड्यातला तो कागद या कलमात कुठे बसतो, हे कुणीतरी सांगावं.

दुसरं, सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमायचा. तुमच्या गावातल्या कॉलेजात तो कुठल्या खोलीत बसतो, विचारून बघा. पण समजा सगळीकडे नेमला, तरी माझ्या ओळखीचं हे पोरगं त्यात येत नाही. तो कॉलेजात नाही. त्याच्या दुकानात तीन माणसं, त्यामुळे ईएसआयसी नाही. वडिलांच्या नावावर असलेल्या आरोग्य योजना दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येतात, आणि याला भरती व्हायचं नाही, याला दर आठवड्याला कुणाशी तरी तासभर नीट बोलायचंय. बावीस ते अठ्ठावीस वयाची ही जी अभ्यासिकांत, दुकानांत, डिलिव्हरीच्या गाड्यांवर असलेली फौज आहे, तिचा कुठल्याच खात्याच्या रजिस्टरमध्ये रकाना नाही.

आणि बोलायचं, हाच खरा मुद्दा. आपल्याकडे सरकारी मानसोपचार म्हणजे गोळी. गोळीच्या विरोधात मी नाही. ज्यांना लागते त्यांना ती वाचवते. तिची सवय लागते, डोकं बधिर होतं हे जे कट्ट्यावर ऐकू येतं त्यामुळे माणसं मधेच बंद करतात आणि पुन्हा पडतात. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ-अस्वस्थपणा होऊ शकतो, कोवळ्या वयात पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी लक्ष ठेवावं लागतं, बरं वाटल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात आणि डॉक्टरला विचारूनच हळूहळू कमी करायच्या. पाच मिनिटांत हे सगळं सांगून होत नाही, म्हणून सांगितलंच जात नाही. पण सौम्य आणि मध्यम नैराश्यात नुसत्या बोलण्याचे, म्हणजे शिकून केलेल्या बोलण्याचे उपचारही कामाला येतात. ते आपल्याकडे फक्त पैसेवाल्यांना मिळतात.

यावर ठरलेलं उत्तर असतं, 'एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून?' ते उत्तर शोधून झालंय, आणि लांब नाही, इथेच. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातलीच माणसं शिकवून तयार केली, त्यांनी घरोघर जाऊन बोलायचं, गरज पडेल त्यालाच वर डॉक्टरकडे पाठवायचं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षाने २७.२ टक्के. हे 'लॅन्सेट सायकियाट्री'त २०१७ मध्ये छापून आलंय. गोव्यात 'संगथ' संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत असंच केलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवलं आणि त्यांनी बऱ्यापैकी तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के त्या अवस्थेतून बाहेर आले होते; नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के.

बैठकीत काय करतात? जादू काही नाही. दिवस कसा जातो ते विचारायचं. कुठल्या गोष्टी सुटल्यात, त्यातली सगळ्यात लहान कुठली पुन्हा करता येईल ते दोघांनी मिळून ठरवायचं. सकाळी दहा मिनिटं चालणं, एका मित्राला फोन. पुढच्या आठवड्यात ते झालं का, नाही झालं तर का नाही. अडचण खरी असेल, पैशाची, घरातली, तर तिची वाट शोधायची. आपल्याकडे आजी-मावशी हेच करायच्या असं म्हणणारे भेटतात. नाही करायच्या. त्या प्रेमाने ऐकायच्या आणि शेवटी नवस सांगायच्या. शिकून ऐकणं वेगळं.

आता आपल्याकडे उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या १२ सेवांच्या यादीत मानसिक आरोग्यही आहे. इमारतीला पिवळा रंग देऊन झाला, बोर्ड लागले. त्या अधिकाऱ्याला हे सहा-आठ बैठकांचं काम नीट शिकवलं आणि आठवड्यातले दोन अर्धे दिवस त्यासाठी राखून ठेवले, तर हे सगळं गावातच सुरू होऊ शकतं. मला माहीत आहे, लगेच कुणीतरी लिहील की आधीच त्यांच्यावर ऑनलाइन नोंदींचा ढीग आहे. बरोबर आहे. मग चार नोंदी कमी करा.

हे होईल तेव्हा होईल. आज रात्री कुणाला गरज असेल त्याच्यासाठी: १४४१६. टेलिमानस. केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा लागला नाही तर पुन्हा लावा. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर फोन तर कराच, पण एकटे बसू नका. घरातल्या किंवा शेजारच्या एकाला तरी सांगा आणि जवळच्या कुठल्याही दवाखान्यात जा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलिसांची भीती वाटते, तर त्याच २०१७च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, खटला भरायचा नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, लक्ष आणि कशातही रस असं सगळंच गेलं असेल, तर आधी तालुक्याच्या एमबीबीएस डॉक्टरला दाखवलं तरी चालतं. थायरॉइडने, रक्त कमी असण्यानेही असं होतं, ते तपासून होईल. गोळ्या बाहेरून घ्यायची वेळ आली, तर जन औषधी केंद्रात विचारा, खूप फरक पडतो. आणि 'लाइफ कोच', 'माइंड पॉवर' वाले पाच दिवसांचे पंधरा हजार मागतात, त्यांना आधी शिक्षण काय झालंय ते विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर मागायला लाजू नका.

त्या पोराचं म्हणाल, तर त्याने १४४१६ला तीनदा फोन केलाय. जिल्ह्याला एकदा जाऊन आलाय, गोळ्या सुरू आहेत. पुढची तारीख मंगळवारचीच आहे. दुकानदाराशी मी बोललो, कारण न सांगता. 'महिन्यातून एक दिवस ना, जाऊ द्या,' एवढंच तो म्हणाला.

आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. वैद्यकीय अधीक्षक आणि जिल्हा शल्य चिकित्सकांना लेखी निवेदन देतोय. मागण्या तीनच. पथकाचा दिवस महिन्यातून दोनदा आणि त्यातला एक आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी कोण कशाला आलंय हे कुणी विचारत नाही. बसायला दार लागणारी खोली. आणि तो कागद काढा. नुसता खोली क्रमांक लिहा. तालुक्यातल्या ज्यांना सही करायचीय त्यांनी इनबॉक्समध्ये या, कमेंटमध्ये नाव लिहायची गरज नाही.