पेगन पंथ : आधीं काय वाचावें ?

एका वाचकभगिनींचें पत्र आम्हांस आलें आहे. त्यांची कन्या उच्च शिक्षणासाठीं इंग्लंडांत असते. तेथें ती स्वतःस ‘पेगन’ म्हणवूं लागली असून तिनें हें आईला मोकळेपणानें कळविलें आहे. वडिलांनीं ‘हा जादूटोणा’ म्हणून विषय मिटविला. आजीबाईंचें म्हणणें, झाडांची नि चंद्राचीच पूजा ना, मग पोर आपल्याच घरीं आहे. बाईंचें समाधान दोहोंनींही होत नाहीं. दर रविवारीं मुलीशीं टेलिफोनवर बोलणें होतें तें हवापाण्याचें. हा विषय निघाला कीं दोन्हीं बाजूंस शांतता. ‘मी प्रथम काय वाचावें तें सांगा,’ असें त्या लिहितात.

प्रारंभ शब्दापासून करूं. लॅटिन भाषेंत ‘पागुस’ म्हणजे खेड्यापाड्यांचा मुलूख, आणि ‘पागानुस’ म्हणजे तेथला रहिवासी. रोमन साम्राज्यांत ख्रिस्ती धर्म पसरल्यावर जुने देव न सोडणाऱ्यांस ख्रिस्ती लोक या नांवानें संबोधूं लागले. आपल्या ‘ग्राम्य’ शब्दाचें असेंच झालें. गांवचा तो ग्राम्य, आणि साहित्यशास्त्रांत येऊन तोच एक काव्यदोष ठरला! विसाव्या शतकांत कांहीं मंडळींनीं हें हिणवण्याचें नांव आपण होऊन पत्करलें. त्यांचा सर्वांना मान्य असा एक ग्रंथ नाहीं, एक संस्थापक नाहीं, एक पीठ नाहीं. विक्का, ड्रुइड, उत्तर युरोपच्या देवांना भजणारे हीदन, असे अनेक पंथ या एका नांवाखालीं येतात. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या खानेसुमारींत सुमारें ७४ हजार लोकांनीं आपला धर्म पेगन म्हणून नोंदविला, आणि विक्का असें लिहिणारे आणखी सुमारें १३ हजार निघाले.

आतां पुस्तकें. पहिलें पुस्तक तुमच्या मुलीपाशींच असेल. तें कोणतें हें तिलाच विचारावें व तेंच आधीं वाचावें. नवशिक्यांच्या हातीं वारंवार दिसणारें पुस्तक म्हणजे स्कॉट कनिंगहॅम या अमेरिकन लेखकाचें, एकट्यानें विक्का आचरणाऱ्यांसाठीं लिहिलेलें, १९८८ सालचें. गुरु नाहीं, मंडळ नाहीं. लहानसें देवघर, दिवा, चंद्राच्या कला, देवी व देव यांची प्रार्थना, आणि कोणास इजा होईल असें कांहीं करूं नये हा नियम. सैतान ही ख्रिस्ती धर्मांतली कल्पना आहे. या पंथांत त्याला स्थानच नाहीं. वडिलांनीं एवढें एक पुस्तक चाळलें तरी त्यांची अर्धी धास्ती जाईल. मंत्रतंत्राचा भाग त्यांत आहे, तो आम्हांस रुचत नाहीं. पण व्रतवैकल्यांच्या आपल्या पोथ्यांत तरी काय थोडा आहे?

त्यांचे वर्षाचे आठ सण असतात. दोन अयनें, दोन विषुवें, आणि त्यांच्या मधले चार. ३१ ऑक्टोबरला ‘साविन’, म्हणजे मृतांचें स्मरण. २१ डिसेंबरच्या सुमारास ‘यूल’, म्हणजे सूर्य परतल्याचा आनंद. आपली मकरसंक्रांत निरयन गणितामुळें जानेवारीच्या मध्यावर जाऊन बसली आहे. ही मंडळी पक्कीं सायनवादी म्हणावयाचीं! यांतले कांहीं सण जुने आहेत खरे, परंतु आठांचें हें चक्र एकत्र जुळलें तें १९५० नंतरच्या दशकांत.

दुसरें पुस्तक मार्गो ॲडलर या अमेरिकन रेडिओ-वार्ताहर बाईंचें, १९७९ सालचें. त्या स्वतः पेगन होत्या, तरी ठिकठिकाणच्या मंडळांत जाऊन त्यांनीं जें पाहिलें तें बातमीदाराच्या नजरेनें लिहिलें आहे. हे लोक कोण, पोटापाण्यासाठीं काय करतात, आपसांत कशावरून भांडतात, हें त्यांत कळतें. आईला हेंच अधिक उपयोगी पडेल.

तिसरें पुस्तक जाड आहे, पण तें टाळूं नये. ब्रिस्टल विद्यापीठाचे प्राध्यापक रोनाल्ड हटन यांनीं १९९९ सालीं ब्रिटनमधील आधुनिक जादूधर्माचा इतिहास लिहिला. जेरल्ड गार्डनर नांवाचे गृहस्थ मलायांत जकात खात्यांत नोकरी करून १९३६ सालीं निवृत्त झाले व इंग्लंडांत परतले. चेटकाचें ढोंग करणें गुन्हा ठरविणारा १७३५ चा कायदा पार्लमेंटनें १९५१ सालीं रद्द केला, आणि १९५४ सालीं गार्डनरांनीं ग्रंथ लिहून जाहीर केलें कीं, ख्रिस्तपूर्व काळापासून गुप्तपणें चालत आलेला धर्म आपणांस सांपडला आहे. त्यांचा आधार होता मार्गारेट मरे या विदुषींच्या १९२१ च्या पुस्तकाचा. तें मत इतिहासकारांनीं आतां टाकून दिलें आहे. चेटकीण म्हणून नव्वद लाख बायका जाळल्या हा आंकडाही तसाच. संशोधकांच्या मतें युरोपांत देहांत शासन झालेलीं माणसें चाळीस ते पन्नास हजार, आणि त्यांत पुरुषही होते. हटन यांचा निर्णय असा कीं, हा धर्म विसाव्या शतकांत इंग्लंडांत जन्मला. विशेष हें कीं, पुष्कळ पेगनांनीं तो मान्य केला व आपली श्रद्धा सोडली नाहीं. ‘आमचें सर्व अनादि’ म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. गार्डनरांच्या पंथांत विधि विवस्त्र होऊन करण्याची चाल होती, हेंही हटन लपवीत नाहींत. सर्व पेगनांची ती रीत नव्हे. पण आईनें मुलीला स्पष्ट विचारावें, आणि मंडळ गुप्ततेची शपथ किंवा पैसा मागतें काय हेंही विचारावें.

आजीबाईंचें म्हणणें गोड आहे, म्हणूनच अधिक जपून घेतलें पाहिजे. आपला द्यौष्पितर आणि रोमनांचा ज्युपिटर हे एकाच शब्दाचे दोन अवतार, हें भाषाशास्त्रानें सिद्ध आहे. गॉल देशांतले ड्रुइड पुरोहित विद्या लिहून ठेवणें निषिद्ध मानीत व कित्येक शिष्य वीस वीस वर्षें मुखोद्गत करीत, असें सीझर लिहितो. वाचतांना घनपाठी वैदिकच डोळ्यांपुढें येतात. आपल्याकडे पाठ टिकला. तिकडे पाठ करणारे गेले आणि त्यांच्या विद्येची एक ओळही राहिली नाहीं. आजचे ड्रुइड जें म्हणतात तें फार तर तीन शतकांत रचलेलें आहे. ‘म्हणजे तूं हिंदूच’ असें मुलीस सांगणें हें तिचें ऐकून न घेण्याचाच एक प्रकार होईल. तिनें निवडलें तें तिच्या शब्दांत आधीं समजावें.

देवकथाच वाचावयाच्या असतील तर आइसलंडच्या एड्डा घ्याव्या. भाषांतरें इंग्रजींत सहज मिळतात. त्यांतली गद्य एड्डा स्नोरी स्टुर्लुसननें तेराव्या शतकांत लिहिली, म्हणजे ते बेट ख्रिस्ती झाल्यावर दोनशें वर्षांनीं, आणि लिहिणाराही ख्रिस्तीच. त्याच आइसलंडांत १९७२ सालीं जुन्या देवांच्या उपासकांनीं संस्था काढली व पुढल्या वर्षीं तिला सरकारी मान्यता मिळाली. मात्र या उत्तरेकडच्या देवांच्या नांवावर वंशश्रेष्ठत्वाचा व्यापार करणाऱ्या टोळ्या युरोप-अमेरिकेंत आहेत. नाझींनीं तीं जुनीं चिन्हें वापरलीं तेव्हांपासून हा डाग लागला आहे. मुलीचें मंडळ हीदन असेल तर त्यांत परदेशी रंगाच्या माणसांना कसें वागवितात, हें बाईंनीं पहिल्याच रविवारीं विचारावें.