आठ नावांच्या हिबर्टबाई

‘बायकांच्या कादंबऱ्या’ हे दोन शब्द आमचे टीकाकार ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरावर माझा आक्षेप आहे. शब्दांवर नाही. बायका कादंबऱ्या वाचतात, पुष्कळ वाचतात, आणि कितीतरी गावांतली वाचनालये त्यांच्याच वर्गणीवर तग धरून आहेत. पण सूर असा, की जणू पापड-लोणच्यांच्या यादीत आणखी एक जिन्नस वाढला! त्यातून कादंबरी ऐतिहासिक असली तर बिचारीचे दोन्हीकडून मरण. संशोधक म्हणतात, ही नुसती गोष्ट. टीकाकार म्हणतात, ही नुसती करमणूक. मी स्वतः असल्याच कादंबऱ्या लिहिते, तेव्हा मला निःपक्षपाती समजण्याची कुणी घाई करू नये. म्हणूनच घरचे उदाहरण सोडून परदेशातले घेते.

एलिनॉर हिबर्ट हे नाव वाचकांनी क्वचितच ऐकले असेल. पण जीन प्लेडी आणि व्हिक्टोरिया होल्ट ही नावे इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्या आमच्या पुष्कळ भगिनींना ठाऊक आहेत. या दोघीही हिबर्टबाईच! माहेरचे बर्फर्ड हे नाव धरून बाईंनी एकंदर आठ नावांनी लिहिले. १९०६ साली लंडनच्या गोदीकामगारांच्या वस्तीत त्यांचा जन्म झाला. वडील मजूर, पण पुस्तकांचे वेडे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. मग लघुलेखन आणि टंकलेखन शिकून एका जवाहिऱ्याच्या पेढीवर नोकरी. पुढे चामड्याच्या एका व्यापाऱ्याशी लग्न झाले. तो वयाने बराच मोठा, पण तोही वाचणारा, आणि हे महत्त्वाचे.

लग्नानंतर बाईंनी नऊ मोठ्या, गंभीर कादंबऱ्या लिहिल्या. एकीलाही प्रकाशक मिळाला नाही. नऊ! आमच्याकडे एक हस्तलिखित परत आले की लेखक प्रकाशकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. तेव्हा एका वृत्तपत्राच्या संपादकाने त्यांना सांगितले, की खपेल असे लिहा, प्रेमकथा लिहा. बाईंनी तशा वीसेक कादंबऱ्या आणून वाचल्या आणि कामाला लागल्या. १९४१ साली पहिली प्रसिद्ध झाली. टीकाकार येथे हटकून म्हणणार, ‘पाहा, बाजाराला शरण गेली!’ पण पोट भरलेल्यांनी दुसऱ्याला शरणागतीचे दोष देऊ नयेत. आणि त्या प्रेमकथांच्या जोडीलाच त्यांनी जीन प्लेडी उभी केली. कॉर्नवॉलमधल्या एका समुद्रकिनाऱ्याचे ते नाव. या नावाने त्यांनी इतिहास लिहिला, आणि पुस्तकाबरोबर संदर्भग्रंथांची यादी छापली. केन्सिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयातून त्या जुन्या ग्रंथांचे ढीग घरी नेत. सकाळी टंकयंत्रापुढे बसत, आणि दुपारच्या जेवणापर्यंत पाच हजार शब्द झालेले असत.

त्या इतिहासात कोण आहे हे पाहण्यासारखे आहे. कॅथरिन द मेदिची हिच्यावर त्यांनी १९५१ ते १९५३ या काळात तीन कादंबऱ्या लिहिल्या. इतिहासाच्या पुस्तकातली कॅथरिन म्हणजे विषप्रयोग करणारी आणि १५७२च्या पॅरिसच्या कत्तलीमागची काळी सावली. मुलांना तेवढेच पाठ होते. प्लेडीबाई तिला १५३३ साली उचलतात. चौदा वर्षांची पोरकी मुलगी इटलीहून फ्रान्सच्या राजघराण्यात सून म्हणून येते. नवऱ्याचे मन वयाने कितीतरी मोठ्या दुसऱ्याच स्त्रीवर. दहा वर्षे मूल नाही. तेव्हा हिला माघारी पाठवून दुसरी आणावी, अशी कुजबुज दरबारात सुरू. हे वाचायला फ्रेंच इतिहास कशाला यावा लागतो? आमच्या आळीतल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. लेखिका कॅथरिनला निर्दोष ठरवीत नाही. कत्तलीचे रक्त तिच्या हातावर ठेवतेच. पण ते हात पूर्वी कसे होते हेही दाखवते. हे काम हलके असेल, तर जड काम कोणते ते टीकाकारांनी एकदा सांगावे.

१९६० साली व्हिक्टोरिया होल्ट या नवीन नावाने ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’ आली. समुद्राकाठचा वाडा, विधुर धनी, त्याच्या मुलीला शिकवायला आलेली गरीब तरुणी. लोकांना वाटले, ही डॅफ्ने द्यु मोरिए हिनेच गुपचूप लिहिली! मग मात्र तोच वाडा आणि तीच तरुणी वेगवेगळ्या पडद्यांसह पुष्कळदा आली, हे मी लपवणार नाही. वर्षाला तीन-चार पुस्तके लिहिणाऱ्याची भाषा धावते, आणि धावणाऱ्याच्या पायाला धूळ लागते. १९८८च्या ‘द इंडिया फॅन’मध्ये तर १८५७चा उठाव आहे, पण तो गोऱ्यांच्या बंगल्यातून पाहिलेला, आणि शापित मोरपिशी पंख्याला तिथे माणसांपेक्षा अधिक मान! कॅथरिनला जो न्याय दिला त्याचा चतकोर तरी आमच्या माणसांना द्यायला हवा होता. हा खरा दोष आहे. पण आमचे टीकाकार हा दोष दाखवीत नाहीत, कारण तो दाखवायला पुस्तक उघडावे लागते.

आमच्याकडे हरिभाऊ आपट्यांनी आपल्या ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः दिली, एका बाईच्या तोंडून, बाईच्याच दुःखाची. आणि त्याच लेखणीने ‘उषःकाल’ही लिहिली. पत्राचे नावच करमणूक! म्हणून कुणी हरिभाऊंना मागच्या फळीवर ठेवले नाही, आणि ते योग्यच झाले. मग बाईने दोन्ही लिहिले की मोजमाप का बदलते? मला एका समीक्षकांनी जाहीर सभेत ‘गृहिणींच्या आवडत्या लेखिका’ म्हटले. ते मी कौतुक म्हणून घेतले; त्यांना तसे अभिप्रेत नव्हते.

१९९३च्या जानेवारीत हिबर्टबाई भूमध्य समुद्रात, अथेन्सहून पोर्ट सैदकडे निघालेल्या जहाजावर वारल्या. मागे दोनशेहून अधिक पुस्तके, वीस भाषांतली भाषांतरे आणि दहा कोटींवर खपलेल्या प्रती राहिल्या. खप म्हणजे गुण नव्हे, हे मीही जाणते. पण खप म्हणजे दोषही नव्हे. तेव्हा ज्यांना या लेखाला उत्तर लिहायचे असेल, त्यांनी आधी कॅथरिनवरच्या तिघींपैकी पहिली, ‘मॅडम सर्पंट’, पुरी वाचावी. दिवाळीची सुट्टी आहे, घरातल्या कुणीतरी ती वाचलेलीही असेल. अडले तर तिलाच विचारावे.