मागणे आणि मागणी

इंग्रजीतील ‘डिमांड’ हा शब्द नामही आहे आणि क्रियापदही. मराठीत ‘मागणे’ व ‘मागणी’ ही रूपे वेगळी आहेत. उपाशी माणूस अन्न मागू शकतो. परंतु इच्छेला क्रयशक्तीची जोड नसेल, तर अर्थशास्त्र तिला मागणी मानीत नाही. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये १९४१ पेक्षा कमी धान्य नव्हते, असे प्रतिपादन अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये केले. तांदळाचे भाव मजुरीच्या कितीतरी पुढे गेले होते. लाखो माणसे अन्न मागत मेली. बाजाराच्या हिशेबी मात्र त्यांची मागणीच नव्हती. विद्यार्थ्यांकडून व्याख्या घोकून घेणाऱ्या प्राध्यापकांनी प्रथम हे अंतर समजावून दिले पाहिजे.